गावचे ग्रंथालय मोजायचे कशाने? बडोद्याच्या फिरत्या पेटीपासून ‘ड’ वर्गापर्यंत

विषय ग्रंथालयांच्या इतिहासाचा आहे आणि थोडासा हिशेबाचाही. थ्रेड मोठा आहे; सवडीने वाचावा.

सन १९११ नंतरच्या काळात बडोदा संस्थानातील लहानसहान रेल्वे स्थानकांवर अधूनमधून एक लाकडी पेटी उतरत असे. पेटीत दोन-तीन डझन पुस्तके असत. काही गुजराती, काही मराठी, क्वचित इंग्रजी. ती मागवणारा पुष्कळदा गावचा शाळामास्तर असे. पेटी काही काळ गावात मुक्काम करी, पुस्तके हातोहात फिरत आणि पुन्हा पेटीत बसून बडोद्यास परत जात. जाण्यायेण्याचा खर्च सरकार सोसत असे. वाचकाकडून एक पैही घेतली जात नसे.

या फिरत्या पेटीचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे. परंतु बडोद्यात बसलेल्या अधिकाऱ्यापुढे एक वेगळाच प्रश्न उभा होता. पेटी परत आली खरी, पण ती वाचली गेली काय? एखाद्या गावातले ग्रंथालय चालते आहे की नुसते उघडे आहे, हे दुरून ओळखायचे कसे? कपाटातील पुस्तके मोजून, घरी नेलेली पुस्तके मोजून, की रोज संध्याकाळी कुलूप काढणारा माणूस कोण आहे हे पाहून? बडोद्याने, मुंबई इलाख्याने आणि पुढे महाराष्ट्राने या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. त्यांतील बहुतेक उत्तरांत पुस्तके मोजली गेली. कुलूप काढणारा माणूस मात्र प्रत्येक वेळी हिशेबातून सुटला.

आधी थोडी पार्श्वभूमी. मराठी मुलखात सार्वजनिक वाचनालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निघाली होती. नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे त्यांचे त्या वेळचे ठसठशीत नाव. पुढे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. ही नावे अभिमानाने घेण्यासारखीच आहेत. मात्र ती सारी शहरांची आहेत. कलेक्टर, न्यायाधीश, वकील, शिक्षक, कारकून अशा वर्गणी भरू शकणाऱ्या मंडळींनी आपल्यासाठी उभारलेल्या या संस्था होत्या. खेड्यात ग्रंथालय असावे आणि त्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, ही कल्पना त्यांच्या घटनेत बसणारी नव्हती.

ती कल्पना प्रथम राबवली बडोद्याने. सयाजीराव गायकवाडांचा जन्म १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा. १८७५ मध्ये ते दत्तक गेले आणि १८८१ मध्ये त्यांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. ग्रंथालयांचा विचार या सक्तीच्या पोटातून आला, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मुलगा चार इयत्ता शिकतो, शाळा सोडून शेतावर जातो आणि काही वर्षांत अक्षर विसरतो. शिक्षणावरचा खर्च मग पाण्यात जातो. शाळेनंतर हाती धरायला पुस्तक नसेल तर शाळा अपुरीच, असे साधे व्यवहारी गणित यामागे होते. १९११ च्या सुमारास संस्थानातील साक्षरता जेमतेम दहा टक्के होती.

सयाजीरावांनी १९०६ च्या परदेश प्रवासात अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते आणि मेल्विल ड्युई यांच्या ग्रंथालयशाळेत त्यांनी शिकवलेही होते. बडोद्यात ते १९१३ पर्यंत राहिले. एवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला आणि बडोद्यापुरती एक स्वतंत्र वर्गीकरण पद्धतीही आखली. महाराजांचा सुमारे वीस हजार पुस्तकांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघू लागले. ग्रंथालयशास्त्रावरचे मराठी लेखन नियतकालिकाच्या रूपाने प्रथम तेथेच छापले गेले. मराठी वाचकाला याचा सहसा विसर पडतो.

बॉर्डनविषयी एवढे पुरे. बडोद्याच्या ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना सारा प्रकाश त्यांच्यावर पडतो. वस्तुतः खेड्यातील काम त्यांच्या येण्याआधीच सुरू झाले होते. चरोतरमधील वसो गावचे मोतीभाई अमीन हे शिक्षक १९०६ च्या सुमारास ‘मित्रमंडळ’ या नावाने गावोगावी लहान वाचनालये उभी करीत होते. पद्धत अगदी साधी होती. चार जणांनी मिळून वर्गणी काढायची, वर्तमानपत्र मागवायचे आणि ते एकाने मोठ्याने वाचायचे. सरकारी ग्रंथालय खाते निघाले तेव्हा अमीन त्यात दाखल झाले आणि आयुष्यभर खेड्यांच्या ग्रंथालयांपाठी फिरत राहिले. बॉर्डन यांनी आराखडा दिला. तो आराखडा गावाच्या चावडीपर्यंत नेण्याचे श्रेय अमीन यांचे आहे.

आता मोजमापाकडे वळू. बडोद्याने गावापुढे ठेवलेली अट फार बोलकी होती. गावाने वर्षाला जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच सरकारने द्यावी आणि तेवढीच स्थानिक बोर्डाने द्यावी. म्हणजे एक भाग गावाचा, दोन भाग बाहेरचे. याला कमाल मर्यादा होती: खेड्याला शंभर रुपये, कसब्याला तीनशे, प्रांताच्या मुख्य गावाला सातशे. नवे ग्रंथालय काढणाऱ्या गावाने पंचवीस रुपये जमवले, तर त्याला शंभर रुपयांची देशी भाषांतील पुस्तके मिळत. इमारतीसाठीही तिन्ही वाट्यांचे असेच सूत्र होते.

याचा अर्थ असा की बडोद्याचा पहिला मापदंड पुस्तक नव्हता. गावाची इच्छा हा होता, आणि ती रुपयांत मोजली जात होती. ज्या गावाला ग्रंथालय हवे आहे ते गाव पैसा काढील, असे हे तर्कशास्त्र. त्यात एक शहाणपण होते. वरून लादलेल्या संस्थेला गाव परके मानते. स्वतःचे शंभर रुपये गुंतले असतील तर पुस्तक हरवल्यावर चार जण विचारायला येतात. परंतु त्यात एक खोटही होती. ज्या गावात सावकार किंवा सधन पाटीदार आहे ते गाव शंभर रुपये सहज काढील. आदिवासी भागातील गाव कधीच काढणार नाही. ग्रंथालयाची गरज जिथे सर्वांत मोठी, तिथे वर्गणी सर्वांत लहान. फिरती पेटी याच उणिवेवरचा उतारा होती: जिथे शंभर रुपये निघत नाहीत तिथे पेटी तरी जावी.

ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची एक वेगळी शाखा होती. मॅजिक लँटर्न, पुढे चित्रपट, असे सरंजाम घेऊन ही मंडळी गावात जात आणि फुकट खेळ दाखवीत. ग्रंथालयाचे खाते सिनेमा दाखवते आहे, हे आजही कित्येकांना पचणार नाही. पण दहातील नऊ जण निरक्षर असलेल्या राज्यात केवळ पुस्तकांची देवघेव मोजणारे खाते उरलेल्या नऊ जणांना काय देणार होते?

या साऱ्याची आकडेवारी उपलब्ध आहे. कुडाळकर यांनी १९१९ मध्ये आणि न्यूटन मोहन दत्त यांनी १९२८ मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तके लिहिली. दोघेही त्याच खात्याचे प्रमुख अधिकारी. सुमारे तीन हजार गावांच्या या राज्यात तीन दशकांत हजाराहून अधिक गावी ग्रंथालये निघाली, ही गोष्ट निर्विवाद आहे आणि त्या काळच्या हिंदुस्थानात तिला जोड नव्हती. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने हे विसरू नये की ही साधने खात्याने स्वतःविषयी लिहिलेली आहेत. खात्याला काय मोजावेसे वाटले तेच त्यांत आहे: ग्रंथालये किती, पुस्तके किती, देवघेव किती.

त्यात नसलेल्या दोन गोष्टींकडे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट दाराची. गावचे ग्रंथालय स्वतंत्र इमारतीत क्वचितच असे. ते शाळेत असे, चावडीवर असे, धर्मशाळेत असे. या जागा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना सहजी खुल्या नव्हत्या. शेजारच्या मुंबई इलाख्यात सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव विधिमंडळात मांडावा लागला तो १९२३ मध्ये. तो सीताराम केशव बोले यांनी मांडला होता. मंजूर झालेला ठराव अमलात येण्यासाठी पुढे महाडला काय करावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. सयाजीरावांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या, भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ‘सर्वांसाठी मोफत’ ही पाटी बडोद्यात लिहिली जाई आणि ग्रंथालयाचे दार गावात असे. देवघेवीचा आकडा पुस्तक कितीदा बाहेर गेले ते सांगतो. ते ज्या घरांत कधीच गेले नाही, त्या घरांचा रकाना त्या नोंदवहीत नव्हता.

दुसरी गोष्ट माणसाची, आणि या थ्रेडचा खरा विषय तोच आहे. गावाचे शंभर, सरकारचे शंभर, बोर्डाचे शंभर. म्हणजे खेड्यातील ग्रंथालयाचे अनुदानासह वार्षिक उत्पन्न तीनशे रुपये. महिन्याला पंचवीस. त्यात पुस्तके घ्यायची, वर्तमानपत्रांची वर्गणी भरायची, बांधणी करायची, दिव्याचे तेल आणायचे. त्या काळच्या प्राथमिक शिक्षकाएवढा पगार त्यातून काढला असता तर पुस्तकांसाठी फारसे उरलेच नसते. म्हणून ग्रंथपाल कोण? शाळेतला मास्तर, कुठे पोस्टाचे काम पाहणारा, कुठे एखादा हौशी तरुण. मानधन नाममात्र किंवा मुळीच नाही. ज्या संस्थानाने ग्रंथपाल प्रशिक्षणाचा देशातील पहिला वर्ग काढला, त्याच संस्थानाच्या खेड्यातील हिशेबात ग्रंथपालासाठी जागा नव्हती. प्रशिक्षण शहराला मिळाले आणि खेड्याच्या वाट्याला सेवाभाव आला.

या उणिवेचा वारसा किती दूर पोहोचला, हे पाहण्यासाठी आता बडोद्याबाहेर यावे लागेल.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक असलेले शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडीजवळ बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. बडोद्याची पेटी रेल्वेने जाई. ही गाडी थेट वेशीपर्यंत जाई. पण या प्रश्नाच्या दृष्टीने रंगनाथन यांची वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. ग्रंथालयाला किती माणसे लागतात, हे त्यांनी सूत्रात मांडले. देवघेवीच्या कामासाठी वर्षाला दर पंधराशे ‘दारतासां’मागे एक माणूस असावा. एक दार एक तास उघडे, म्हणजे एक दारतास. गणितज्ञाने ग्रंथालयाकडे पाहिले की काय होते, याचा हा नमुना. खेड्यातील ग्रंथालय रोज तीन तास, वर्षाला तीनशे दिवस उघडे राहिले तर नऊशे दारतास होतात. सूत्राप्रमाणे त्याला सहा दशांश माणूस लागतो. हा आकडा लक्षात ठेवावा. शेवटी लागणार आहे.

मद्रासने १९४८ मध्ये ग्रंथालय कायदा केला. त्यात मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी अधिभार बसवण्याची तरतूद होती. घर असलेला प्रत्येक जण, तो वाचो वा न वाचो, ग्रंथालयासाठी काही देऊ लागला. पैशाला कायदेशीर उगम मिळाल्यामुळे कर्मचाऱ्यालाही सार्वजनिक सेवेतील स्थान मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी तीन वर्षे, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता. तो देशातील पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि कायदा कागदावरच राहिला. मराठी भाषकांच्या राज्यात देशातील पहिला ग्रंथालय कायदा व्हावा आणि चार वर्षांत तो विस्मरणात जावा, यावर स्वतंत्र लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

मुंबई इलाख्याची वाट वेगळी होती. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. समितीचा अहवाल १९४० मध्ये आला. तोवर युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळ पायउतार झाले होते. अहवालात सहा पायऱ्यांची उतरंड होती: वर मध्यवर्ती ग्रंथालय, मग प्रादेशिक, जिल्हा, तालुका अशा क्रमाने खाली गाव. खेर पुन्हा सत्तेवर आल्यावर १९४७ च्या सुमारास योजना वरून खाली राबवण्यास सुरुवात झाली. आणि येथे एक निर्णायक निवड झाली. सरकारने स्वतःची ग्रंथालये काढण्याऐवजी लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांनाच हाताशी धरायचे आणि अनुदान द्यायचे. पैसा कमी होता, जुन्या संस्था भक्कम होत्या आणि लोकसहभागावरची श्रद्धा खरी होती. ही निवड चूक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामुळेच मराठी मुलखातील शतकी संस्था सरकारी कचेऱ्या न होता टिकल्या. पण त्यातून एक गोष्ट कायमची ठरून गेली: ग्रंथालयात काम करणारा माणूस सरकारचा नाही, संस्थेचा आहे.

बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. तिथले ग्रंथालय खाते या मोठ्या व्यवस्थेत मिसळून गेले. ज्या भूमीत ग्रामीण ग्रंथालयांचे जाळे प्रथम विणले गेले, त्या गुजरातला स्वतःचा ग्रंथालय कायदा मिळण्यास २००१ साल उजाडले.

महाराष्ट्राने कायदा केला १९६७ मध्ये. १९६८ मध्ये ग्रंथालय संचालनालय स्थापन झाले आणि १९७० मध्ये अनुदानाचे नियम आले. मद्रासप्रमाणे ग्रंथालय कर मात्र बसवला गेला नाही. पैसा राज्याच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे दरवर्षीच्या निर्णयावर अवलंबून. आणि ग्रंथालयांची प्रतवारी झाली: अ, ब, क, ड. ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही वाचनालयाच्या फलकावर गावाच्या नावाखाली लिहिलेला हा वर्ग आठवेल.

वर्ग ठरतो कशावर? ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वर्तमानपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, जागा, नोंदवह्या. ‘क’ वर्गासाठी हजाराहून अधिक पुस्तके, ‘ब’साठी पाच हजारांहून अधिक, ‘अ’साठी पंधरा हजारांहून अधिक. बडोद्याने गावाची इच्छा मोजली होती. महाराष्ट्राने संग्रह मोजला. याला एक बळकट कारण होते. संग्रह मोजता येतो. निरीक्षक येतो, दाखल नोंदवही पाहतो, कपाटातील पुस्तके चाळतो आणि सही करून जातो. वशिल्याला वाव कमी राहतो. हजारो ग्रंथालयांना अनुदान द्यायचे तर काही तरी समान माप हवेच.

पण माप जसे तसे वर्तन. पुस्तकांच्या संख्येवर वर्ग टिकत असेल तर कोणतेही ग्रंथालय पुस्तक बाद करण्यास धजावत नाही. १,०१० पुस्तकांचे ग्रंथालय फाटकी, वाळवी लागलेली, कालबाह्य झालेली वीस पुस्तके निर्लेखित करील तर ते ‘क’ वर्गाच्या उंबरठ्याखाली जाईल. त्यापेक्षा ती कपाटात असू द्यावीत. त्यामुळे ग्रामीण ग्रंथालयाच्या संग्रहाचा आकडा फुगतो आणि संग्रह म्हातारा होतो. एकीकडे रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची क्रमिक पुस्तके जपली जातात आणि दुसरीकडे स्पर्धा परीक्षेच्या ताज्या पुस्तकाची एकच प्रत पाच जणांत फिरते. स्वस्त पुस्तके अधिक संख्येने घेण्याचा मोह तर उघडच आहे: त्याच रकमेत एक शब्दकोश येतो किंवा दहा पातळ कादंबऱ्या येतात, आणि नोंदवहीत शब्दकोश एकच मोजला जातो.

सेवांचे मोजमाप त्याहून अवघड. आजच्या खेड्यात वाचनालयाचा सर्वांत जिवंत भाग पुष्कळदा अभ्यासिका हा असतो. तिथे मुले स्वतःची पुस्तके आणतात, ग्रंथालयाचे टेबल, दिवा आणि शांतता वापरतात. सकाळी येऊन वर्तमानपत्र वाचणारे वृद्ध सभासद नसतात. दिवाळी अंकांची सभासद योजना दोन महिने देवघेवीचा आकडा उंचावते आणि मग तो खाली येतो. यातील काय चांगले, काय अपुरे, हे ग्रंथसंख्येवरून कळत नाही. देवघेव नोंदवही निदान काही सांगते. परंतु अभ्यासिकेत रात्री नऊपर्यंत बसलेल्या मुलीची नोंद देवघेवीत नसते.

राहिला माणूस. २०१२ मध्ये अनुदानाचे दर वाढले. जिल्हा पातळीवरील ‘अ’ वर्गाला वर्षाला ७,२०,००० रुपये. ‘ड’ वर्गाला ३०,०००. त्याच वर्षी महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ग्रंथालये केवळ कागदावर असल्याचे निघाले. नवी मान्यता आणि वर्गबदल दीर्घकाळ थांबले. जी ग्रंथालये प्रामाणिकपणे चालत होती त्यांनाही या थांबण्याचा फटका बसला. संग्रह वाढला, वाचक वाढले, पण वर्ग जुनाच राहिला. मापच बंद पडल्यावर मोजले काय जाणार?

२०२२ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली. ‘ड’ वर्गाचे ३०,००० रुपये ४८,००० झाले. अनुदानातील निम्मी रक्कम वेतनासाठी आणि निम्मी पुस्तके व इतर खर्चासाठी, अशी विभागणी आहे. म्हणजे २०२२ च्या त्या दराने ‘ड’ वर्गातील ग्रंथपालासाठी वर्षाला २४,००० रुपये, महिन्याला दोन हजार झाले. वाढ होण्यापूर्वी हाच आकडा महिन्याला १,२५० रुपये होता. तोही दरमहा हाती पडत नसे. अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता आला की पगार होतो. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी मिळावी ही मागणी कित्येक वर्षांपासूनची आहे. तिच्या मार्गात नेहमी तोच जुना युक्तिवाद येतो: हे कर्मचारी शासनाचे नाहीत, संस्थेचे आहेत.

आता रंगनाथन यांचे सूत्र आठवावे. रोज तीन तास, वर्षाला तीनशे दिवस, नऊशे दारतास. चोवीस हजार भागिले नऊशे. एका तासाला सत्तावीस रुपयांहूनही थोडे कमी. या रकमेत झाडलोट करणे, वर्तमानपत्रे फडताळावर लावणे, पुस्तक देणे आणि परत घेणे, वर्गणी मागायला दारोदार जाणे, नव्या पुस्तकांवर शिक्के मारून ती दाखल करणे आणि तपासणीच्या दिवशी सगळ्या वह्या अद्ययावत करून निरीक्षकापुढे ठेवणे, एवढी कामे येतात. निरीक्षक त्या वह्यांतून पुस्तके मोजतो.